सहाचाकी उभयचर गाड्यांचं कुळ ओळखताना

सहा फुगीर टायर लावलेला बाथटब. फोटोत पहिल्यांदा पाहिलं की डोक्यात हेच येतं, आणि ते फारसं चुकीचंही नाही. प्लास्टिकचा उथळ टब, प्रत्येक बाजूला तीन चाकं, मागे लहानसं इंजिन, पुढे दोन माणसांपुरती जागा. चिखल, बर्फ, दलदल तुडवत तळ्याच्या काठाशी यायचं आणि न थांबता पाण्यात शिरायचं. दुसऱ्या महायुद्धातली डक नावाची लष्करी गाडीही सहाचाकी आणि उभयचर होती, त्यामुळे दोघींची गल्लत होते. पण तो अडीच टन माल वाहणारा ट्रक होता आणि पाण्यात पंख्यावर चालायचा. या टबांना पंखा नसतो. टायरच वल्ह्यांचं काम करतात आणि पाण्यातला वेग माणसाच्या चालीएवढाच राहतो.

या गाड्यांचा उगम इंजिनात नाही, टायरात आहे. अलास्कात लोक जड होडी हवा भरलेल्या कातडी पिशव्यांवरून सरकवत किनाऱ्यावर आणतात, हे विल्यम अल्बी या अमेरिकी माणसाने पाहिलं आणि त्यातून त्याला पिशवीसारख्या मऊ टायरची कल्पना सुचली, असं सांगतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे ‘रोलिगॉन’ आले, पुढे गुडइयरचे ‘टेरा टायर’. आपल्या कारच्या टायरात तीसेक पौंड हवा असते, या गाड्यांच्या टायरात जेमतेम दोन-तीन. मऊ टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब देतो, म्हणजे जिथे माणसाचा पाय रुतेल तिथून ही गाडी वरच्यावर निघून जाते. शिवाय २१ इंची सहा टायर मिळून ढोबळ हिशोबाने दोनशे लिटरच्या वर हवा धरतात, त्यामुळे टबात थोडं पाणी शिरलं तरी गाडी लगेच तळाला जात नाही.

त्या टायरांना हलक्या टबाची जोड कॅनडात मिळाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ‘जिगर’ नावाची गाडी तयार झाली आणि या सगळ्या कुळाची थोरली म्हणून तिचंच नाव घेतात. मराठी माणसाला नाव वाचून हसू येईल, पण मोपेडच्या ताकदीचं इंजिन घेऊन तळ्यात उतरायचं तर ते नाव शोभतंच.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेत स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावरून पळणाऱ्या छोट्या गाडीची, लाट आली. हिवाळ्यात विकायला स्नोमोबाइल होती, पण उन्हाळ्यात विक्रेते रिकामे बसायचे. जर्मनीची जेएलओ, अमेरिकेची कोहलर यांची छोटी इंजिनं हवी तेवढी मिळत होती. तापवलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर निर्वाताने ओढून टब काढायचं तंत्रही स्वस्त झालं होतं. मोठा प्रेस नको, फाउंड्री नको. साचा करा, बाकी सगळं विकत आणून जोडा. ओहायोतल्या रॅव्हेना गावी ‘ॲटेक्स’ निघाली, न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलोत ‘मॅक्स’, आणि ट्रॅक्टरवाल्या ॲलिस-चाल्मर्सनेसुद्धा ‘टेरा टायगर’ काढून पाहिली. ‘अँफिकॅट’ मिशिगनमधून आली, कॅनडातल्या मिसिसॉगातूनही आली आणि पुढे मिसिसिपीतूनही, त्यामुळे एकाच गाडीवर वेगवेगळ्या गावांच्या पाट्या दिसतात. १९६८ साली मुलांच्या एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात ती रंगवून फिरवली आणि घराघरात पोचली. ऑन्टॅरियोतल्या न्यू हॅम्बर्गची ऑन्टॅरियो ड्राइव्ह अँड गिअर मात्र उलट दिशेने आली. ती १९६२ पासूनची गिअरवाली कंपनी. १९६७ मध्ये तिने स्वतःची ‘आर्गो’ बनवली, आणि ती आजही बनते. माझ्या मते आर्गो टिकली ती यामुळेच: इतरांकडे टब होता आणि गिअरबॉक्स बाहेरून यायचा, हिच्याकडे गिअरबॉक्स घरचा होता.

आणि गिअरबॉक्स हाच या गाड्यांचा जीव. त्यांची पुढची चाकं वळत नाहीत. वळायचं तर एका बाजूची तिन्ही चाकं थोपवायची, दुसऱ्या बाजूची फिरत ठेवायची, की गाडी रणगाड्यासारखी घसटत जागच्या जागी वळते. (ऑगस्ट २०२५ च्या पंजाबातल्या पुरात आपल्या सैन्याची ‘एटोर एन-१२००’ सगळ्यांनी पाहिली. ती चारचाकी आणि आकाराने बरीच मोठी, पण वळण्याची रीत हीच, आणि पाण्यात टायरांनी वल्हवणंही हेच.) अमेरिकेत हे काम बऱ्याच गाड्यांमध्ये बोर्ग-वॉर्नर कंपनीचा टी-२० नावाचा गिअरबॉक्स करायचा. टी-२० म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, या जुन्या गाड्यांचा छंद असलेल्या माणसाला दोन दांडे आठवतात. डावा मागे ओढला की डावी बाजू थांबते, उजवा ओढला की उजवी, दोन्ही ओढले की ब्रेक. इंजिनाकडून पट्टा या पेटीत येतो आणि पेटीतून दोन्ही बाजूंना चेन निघतात. सस्पेन्शन नाहीच, धक्के टायर खातात आणि उरलेले बसणारा.

ही चैन फार वर्षं चालली नाही. १९७० मध्ये होंडाने फुगीर टायरांचीच तीनचाकी आणली. ती पोहत नव्हती, पण स्वस्त होती आणि चालवायला सोपी. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने सरकारी जमिनींवर अशा वाहनांवर निर्बंध आले, आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलीसुरली हवा काढली. साचे विकले गेले, सुट्या भागांची खोकी नव्या मालकांकडे गेली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मात्र शिकारीतलं हरीण खाली आणायला आर्गो रुळली. तिथे तिला ‘आर्गोकॅट’ म्हणतात.

कोठारातून निघालेली बेवारस गाडी ओळखताना हा इतिहास कामी येतो. नवशिका आधी इंजिन पाहतो आणि तिथेच फसतो. मुळातच इंजिनं बाजारातली, एकच इंजिन चार कंपन्यांत, आणि पन्नास वर्षांत ते दोनदा तरी बदललेलं असतं. टायरही बदलतात, रंग तर बदलतोच. बदलायला अवघड असतात दोन गोष्टी: टब आणि गिअरबॉक्स. म्हणून मधली फळी उचला, उंदराचं घरटं बाजूला करा आणि पेटी पाहा. टी-२० दिसला तर ॲटेक्स आणि मॅक्सच्या गोतावळ्यात शोधा. मग टबाची नाकाकडची घडण, वरचा आणि खालचा भाग जिथे जुळतो ती कड, आसांमधलं अंतर जुन्या जाहिरातींशी ताडून पाहा. रिव्हेट केलेली पाटी शाबूत असली तर नशीब. नसली तर निदान रिव्हेटची भोकं कुठे आहेत तेही बोलतं.

दुरुस्तीला हात घालण्याआधी टबाचं प्लास्टिक कोणतं हे कळलंच पाहिजे. कडेची नखाएवढी कपची काढून पाण्याच्या पेल्यात टाका. तरंगली तर पॉलिएथिलीन. बुडाली तर बहुधा एबीएस, आणि कापलेल्या कडेला तंतू दिसले तर फायबरग्लास. एबीएसवर ॲसिटोनचा थेंब टाकला की ते चिकट होतं. त्याचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून लगदा केला की तडे त्यानेच भरता येतात. पॉलिएथिलीनवर हा लगदा बसत नाही, इपॉक्सीही काही दिवसांत सोलून निघतं. त्याला त्याच प्लास्टिकची कांडी घेऊन गरम हवेने वेल्डिंग करावं लागतं. हा फरक न ओळखता लेप थापलेले टब इतके दिसतात की मला आता त्या लेपावरूनच आधीच्या मालकाची घाई कळते.

इंजिनाचं दुखणं येझदी-राजदूत उघडलेल्या मेकॅनिकला नवं नाही. टू-स्ट्रोकचे क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या टोकांची रबरी कडी, कडक होतात, हवा ओढतात आणि पिस्टन चिकटतो. पॉइंट साफ करून स्पार्क आला म्हणून गाडी पळवू नये, आधी सील बदलावेत. चेन ताणलेल्या असतात, बेअरिंगमध्ये गंज असतो.

हे सगळं झालं तरी थेट तळ्यावर जाऊ नये. चाकं काढून टब ठोकळ्यांवर ठेवावा, मागचं बूच घट्ट लावावं आणि आत आसांच्या वरपर्यंत पाणी भरून रात्रभर सोडावं. सकाळी टबाखाली कोरडी फरशी फारच क्वचित दिसते. बहुतेक वेळा आसांच्या सीलपाशी थेंबांच्या सहा रांगा असतात. त्या जागांवर मार्करने खुणा कराव्यात, मग बूच काढावं.