सेनोस्फिअर भरलेलं पीपी (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक): मोल्डिंग मशीनवर चढवण्याआधी वाचा

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथल्या औष्णिक वीज केंद्रांची राख पाण्याबरोबर बंधाऱ्यात जाते. बहुतेक राख तळाला बसते; वजनाने जेमतेम एक-दोन टक्के, कधी त्याहूनही कमी, सायीसारखी वर तरंगते. हेच सेनोस्फिअर, सिलिका-ॲल्युमिनाचे आतून पोकळ असलेले बारीक गोळे. ते धुऊन, वाळवून, चाळून आम्ही पीपीत मिसळतो आणि साच्यात पार्ट ओतणाऱ्यांसाठी त्याचे दाणे बनवतो. "राख तर फुकट, मग दाणा महाग कसा?" असं बरेच जण विचारतात. राख स्वस्त असते, तरंगणारी राख नाही.

वजनाने २० टक्के टाल्क (प्लास्टिकमध्ये नेहमी भरली जाणारी खनिज पूड) भरलेल्या पीपीची घनता घन सेंटिमीटरला १.०४ ग्रॅमच्या आसपास येते. ०.७ घनतेचे सेनोस्फिअर तेवढेच भरले तर ०.८५. साचा तोच, म्हणून टाल्कमध्ये १०० ग्रॅम भरणारा पार्ट इथे साधारण ८२ ग्रॅमचा होतो. भावाची तुलना किलोवर नको, पार्टवर करा.

हा हिशेब गोळे शाबूत असले तरच. सगळे फुटले तर घनता १.०३ वर जाते, म्हणजे पैसे सेनोस्फिअरचे आणि वजन टाल्कचं! म्हणून ट्विन-स्क्रूमध्ये, म्हणजे दोन स्क्रूंच्या मिसळणाऱ्या मशीनमध्ये, आधी पीपी वितळू देतो आणि मग बाजूच्या फीडरने गोळे सोडतो. पकड यावी म्हणून मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं थोडं पीपीही घालतो.

प्रत्येक लॉटची घनता एएसटीएम डी ७९२ या चाचणी-मानकाप्रमाणे काढतो. तुकडा पाण्यात तरंगतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून तोलतो. बादलीत टाकून पाहण्यावर भिस्त ठेवू नका. निम्मे गोळे फुटले तरी घनता ०.९३ च भरते आणि तुकडा तरंगतोच. आकडा ०.८५ च्या बराच खाली आला तर तेही चांगलं लक्षण नाही, आत हवेचे बुडबुडे असणार. भरणच कमी पडलंय का, हे नुसत्या घनतेवरून कळत नाही. त्यासाठी दाणे भट्टीत जाळून उरलेली राख तोलतो.

तुमच्या मोल्डिंग मशीनवर बॅक प्रेशर (स्क्रू मागे सरकताना मालावर राहणारा दाब) आणि स्क्रूचा वेग कमी ठेवा. पिनपॉइंट गेट (साच्यात माल शिरण्याचं टाचणीएवढं तोंड) टाळा, बारीक गेटमधून गोळे भरडले जातात. ८० अंशांना दोन-तीन तास वाळवून घ्या. रनरचा (गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेल्या मालाचा) रीग्राइंड, म्हणजे दळलेला चुरा, बेतानेच मिसळा, कारण दर फेरीत आणखी गोळे फुटतात.

ताठपणा वाढतो, पण आघात सोसण्याची ताकद आणि न तुटता ताणलं जाण्याची क्षमता घटते. पार्टमध्ये दुमडणारी बिजागरी किंवा स्नॅप-फिट (दाबून अडकणारा जोड) असेल तर हा माल घेऊ नका. रंग राखाडीच; पांढरा शुभ्र पार्ट यातून निघणार नाही. अन्नाच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या भांड्यांसाठी आम्ही तो विकत नाही, कारण कोळशाच्या राखेत जड धातूंचे अंश असतात.

पहिल्या ट्रायलचे दोन पार्ट आणि रनर, पिशवीवर लॉट नंबर लिहून, आमच्याकडे पाठवा. घनता आणि राख दोन्ही तपासून कळवतो. त्याचे पैसे लागत नाहीत.