डोक्यावरचा खोडवा

परवा रविवारी भाच्याबरोबर शिवाजी पेठेतल्या एका सलूनमध्ये गेलो होतो. पोराचं वय चोवीस. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत आणि टाळूवर ट्यूबलाइटखाली कातडी दिसायला लागली आहे. खुर्ची रिकामी व्हायच्या आत तीन निदानं झाली. "हेल्मेट घालतोस न्हवं?" एक म्हणाला. दुसऱ्यानं बोअरच्या पाण्यावर बोट ठेवलं. तिसऱ्यानं विचारलं, "आईकडच्या आज्ज्याचं डोस्कं कसं हुतं?"

कात्री सुरू झाल्यावर मी एक पांढरा कागद मागून घेतला. मानेवरचे थोडे केस त्याच्या एका बाजूला ठेवले, टाळूवरचे दुसऱ्या बाजूला. मानेवरचे सगळे एकसारखे, जाड, काळेभोर. टाळूवरच्या चिमटीत मात्र काही जाड, काही त्याच्या निम्मे, तर काही लहान बाळाच्या लवेसारखे, उजेडात तपकिरी दिसणारे. पुरुषांमधलं टक्कल म्हणजे काय, ते त्या कागदावर सगळं होतं.

आपण "केस गळतात" म्हणतो आणि इथेच घोळ होतो. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले ५० ते १०० रोज गळणं स्वाभाविक आहे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि मग पडतो. त्याच मुळातून नवा उगवतो. प्रश्न पडलेल्या केसाचा नाही, त्याच्या जागी काय उगवतं याचा आहे.

ज्याच्या घरी ऊस आहे त्याला हे लगेच कळेल. आडसाली लागण सतरा-अठरा महिने रानात उभी असते. ती तुटल्यावर त्याच बुडख्यातून खोडवा येतो, तो बारा महिन्यांत तोडीला येतो. पुढे त्याच बुडख्यावर पुन्हा पीक, म्हणजे निडवा, ठेवला तर ऊस आणखी बारीक. मुळी तीच, रान तेच, पण दर तोडीनंतर पीक उतरतं. टाळूवरच्या केसाचं नेमकं हेच होतं. पाच वर्षं वाढणारा केस पुढच्या फेरीत दोन वर्षं वाढतो, मग काही महिनेच, आणि दर फेरीला बारीक होत शेवटी लव उरते. म्हणून बाथरूमच्या जाळीत केस फार दिसले नाहीत तरी टक्कल पडत असू शकतं. २०२५ च्या जानेवारीत बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस मुठीमुठीने हातात आले, ते प्रकरण वेगळं. गोल चकती होणारी चाईही वेगळी.

हा उतार कोण लावतं? टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आपल्याला माहीत असतं. ५-अल्फा रिडक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करतं; याला डीएचटी म्हणू. केसाच्या मुळाशी पेशींचा एक छोटा गड्डा असतो आणि केस किती जाड व्हायचा हे त्याच्या आकारावर ठरतं. डीएचटी या पेशींमधल्या ग्राहीला, म्हणजे संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाला, टेस्टोस्टेरॉनपेक्षा घट्ट चिकटतं. ही जोडी पेशीकेंद्रकात शिरून काही जनुकं चालू करते, त्यांतून डीकेके-१ सारखी प्रथिनं बाहेर पडतात, आणि केसाला "वाढ" म्हणून सांगणारा डब्ल्यूएनटी हा संदेश दाबला जातो. गड्डा आक्रसतो, पुढचा केस बारीक उगवतो. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की हेच डीएचटी हनुवटीवर दाढी राठ करतं. मानेवरच्या केसांवर तर त्याचा जवळपास परिणामच होत नाही. संप्रेरक एकच, पण प्रत्येक मुळाचं उत्तर निराळं.

१९४२ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी, वयात येण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे दाखवलं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस विरळ होऊ लागले. म्हणजे वारसा आणि संप्रेरक दोन्ही लागतात. पुढे १९७४ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या कुटुंबांतल्या काही पुरुषांत डीएचटी बनवणारं ते विकरच जन्मतः कमी होतं. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहायची आणि टक्कल पडत नसे. या धाग्यावरून फिनास्टेराइड आलं; अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी, १९९७ मध्ये केसांसाठी त्याला मंजुरी मिळाली.

सलूनमधला आज्ज्याचा प्रश्न अर्धा बरोबर होता. डीएचटी ज्याला चिकटतं त्या ग्राहीचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलाला ते आईकडून मिळतं. पण बाकीची कितीतरी जनुकं वडिलांकडूनही येतात. हेल्मेटचं मात्र साफ चूक. मुळाला प्राणवायू रक्तातून मिळतो, बाहेरच्या हवेतून नाही. टक्कल पडेल या भीतीने हेल्मेट घरी ठेवून हायवेला लागणारी पोरं मी बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. आणि कांद्याच्या तेलाच्या बाटल्यांवर पगार उडवणाऱ्यांना कळकळीने सांगतो: तेलाने केसाला तकाकी येते, तो कमी तुटतो, मुळाशी चाललेलं डीएचटीचं काम त्याने थांबत नाही.

टक्कल रोखणारी औषधं मोजकीच. फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरवते. थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होते, काहींचं मन खचतं, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. गरोदर बाईने तिचा चुरा हाताळू नये. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध; ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून ते टाळूवर आलं. लावायला लागल्यावर पहिले काही आठवडे केस जास्त पडतात, कारण बसून राहिलेल्या केसांना नवे ढकलून देतात. इथेच बरेच जण घाबरून सोडतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि दोन्ही औषधं थांबवली की उतार पुन्हा सुरू.

केसरोपणात नवीन केस तयार होत नाहीत, मागचे पुढे येतात. ते पुढे येऊनही आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलं. पण मागचा साठा मर्यादित, आणि आजूबाजूचे जुने केस बारीक होतच राहतात.

भाच्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी टाळूवर छोटं भिंग धरलं आणि पडद्यावर तेच दिसलं, जाड केसांच्या शेजारी लव. लव अजून आहे म्हणजे मूळ जिवंत आहे, असं त्या म्हणाल्या. वरून एक फोटो काढला. त्याच उजेडात, त्याच कोनातून दुसरा सहा महिन्यांनी काढायचा आहे.