आधी पान, मग कॅमेरा : प्रकल्पासाठी संच नेणाऱ्या शिक्षकांना माहिती

आमच्याकडून ट्रायपॉड, कॉलर माइक, दिवे आणि टॅबलेट असा संच नेणाऱ्या शिक्षकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "उद्या मिळेल का?" आमचे उत्तरही ठरलेले असते. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाने आपल्या फिल्मसाठी किंवा ध्वनिफितीसाठी लिहिलेले पान पाठवा, मग संच लगेच मिळेल. यावर काहीजण नाराज होतात. भाडे आम्ही देणार, वर्ग आमचा, मग मुलांचे लिखाण तुम्ही कशाला मागता, असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर या पत्रकात देत आहोत.

मोबाइलवर शूटिंग कसे करायचे, क्लिप कशा जोडायच्या, शीर्षक कसे टाकायचे हे तुम्हाला आणि तुमच्या विद्यार्थ्यांना येते असे आम्ही धरून चालतो. नसेल येत, तर ते अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळेत शिकवता येते. प्रकल्प अडतात ते दुसऱ्याच ठिकाणी.

वेळ कुठे जातो

आमच्या एडिटिंगच्या टेबलावर "एवढे जरा जुळवून द्या" म्हणून येणाऱ्या कामांत एक गोष्ट सारखी दिसते : शूटिंग आधी झालेले असते आणि काय सांगायचे ते नंतर ठरवलेले असते. कॅमेरा मिळाला की मुले उत्साहाने बाहेर पडतात आणि दिसेल ते टिपतात. तीन मिनिटांच्या फिल्मसाठी एकेका गटाकडे चाळीस मिनिटांचे फुटेज जमते. वर्गात आठ गट असतील, तर ते नुसते एकदा पाहायलाच पाच तासांहून जास्त वेळ लागतो. फुल एचडीत मोबाइल मिनिटाला साधारण 60 ते 130 एमबी जागा खातो, त्यामुळे टॅबलेट भरतात, कॉपी करायला तासिका जातात, आणि शेवटी कळते की ज्या वाक्यासाठी चित्र हवे होते ते कुणी घेतलेच नाही.

तरीही वाया गेलेल्या तासिका हे लहान नुकसान आहे. विषयातली चूक चित्रात जाऊन बसली, तर तिची किंमत कितीतरी जास्त असते.

चंद्राच्या कलांचे उदाहरण घ्या. "पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून कला दिसतात" हे वाक्य कुठल्याही वर्गात हमखास सापडते. ते पानावर असेल तर शिक्षक शेजारी एक प्रश्न लिहितात : दिवसा, सूर्य आकाशात असतानाच अर्धा चंद्रही दिसतो, मग त्या वेळी पृथ्वी दोघांच्या मध्ये कशी असेल? मुले विचार करतात, बल्ब आणि चेंडू घेऊन फिरवून पाहतात. चंद्राचा अर्धा भाग सूर्यामुळे उजळलेला असतो आणि त्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे त्यावर कला ठरते, हे त्यांच्या लक्षात येते. सावलीमुळे होते ते ग्रहण. तेही दर पौर्णिमेला होत नाही, कारण चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. या साऱ्याला एक तासिका पुरते. पण तेच वाक्य निवेदनात रेकॉर्ड झाले, त्यावर बल्बचे दृश्य बेतले, खाली अक्षरे टाकली, संगीत जोडले, की सगळेच पुन्हा करावे लागते. बहुतेक वेळा ते केले जात नाही. प्रदर्शनाची तारीख जवळ आलेली असते, फिल्म दाखवली जाते आणि चुकीची समजूत टाळ्यांनिशी पक्की होते.

पान मागण्याचा आमचा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

पानावर काय हवे

फार काही नको. सर्वांत वर एक प्रश्न, ज्याचे उत्तर ही फिल्म किंवा ध्वनिफीत देणार आहे. "पाणी" किंवा "जलचक्र" असा नुसता विषय चालणार नाही. "समुद्राचे पाणी खारट असूनही पावसाचे गोड का?" असा प्रश्न हवा. त्याखाली दोन स्तंभ : डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. ऐकू येणारा मजकूर पूर्ण वाक्यांत आणि मुलांच्या स्वतःच्या शब्दांत असावा. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद उतरवलेला असेल तर तो बोलताना लगेच ओळखू येतो. सावकाश, स्पष्ट निवेदनाला मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द लागतात, म्हणजे तीन मिनिटांच्या फिल्मला साडेतीनशे शब्द पुष्कळ झाले. घड्याळ लावून मोठ्याने वाचायला सांगा. अर्धी अडखळणारी वाक्ये तिथेच सापडतात. शेवटी, माहिती कुठून घेतली ते लिहायचे. बस्स.

स्टोरीबोर्डची, म्हणजे दृश्यांचा क्रम दाखवणारी चित्रे सुंदर काढण्यात वेळ घालवू नका, रेघांच्या आकृत्या पुरतात. आम्ही पान वाचतो ते विषय तपासायला नाही, तो अधिकार तुमचा. कोणती दृश्ये लागतील, कुठे माइक हवा, काय घेणे शक्य नाही, हे आम्ही पाहतो आणि त्याप्रमाणे संच भरतो. म्हणून पान आलेल्या वर्गाला नेमके साहित्य मिळते. न आलेल्या वर्गाला अंदाजाने दिलेले निम्मे साहित्य न वापरताच परत येते आणि त्याचेही भाडे लागते.

कोणता धडा निवडावा

प्रत्येक धड्याची फिल्म करू नका, असे आम्ही संच भाड्याने देणारे असूनही सांगतो. व्याख्या, सूत्रे, समीकरण सोडवण्याच्या पायऱ्या फळ्यावरच चांगल्या समजतात. जिथे काही बदलते, हलते, घडते, किंवा जिथे दोन माणसे एकाच घटनेबद्दल वेगवेगळे सांगतात, तिथे ही माध्यमे कामाची.

आमच्या मते सर्वांत जास्त शिकवणारा प्रकार म्हणजे स्टॉप मोशन (वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढून केलेली फिल्म), आणि त्यासाठी सर्वांत चांगला धडा म्हणजे सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणे. वहीत मुले चार चित्रे काढतात : पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. मध्ये बाण. त्या बाणात नेमके काय झाले हे कुणी विचारत नाही. मातीच्या वळ्या करून फोटो काढायला बसले की बाण चालत नाही, प्रत्येक पायरी हाताने सरकवावी लागते. मग गटात प्रश्न उभा राहतो : एकाची दोन गुणसूत्रे नेमकी होतात कधी? पुष्कळ मुले ती ओढताना, म्हणजे पश्चावस्थेत, दुप्पट करतात. खरे तर दुप्पट होण्याचे काम विभाजन सुरू होण्याआधीच झालेले असते. पूर्वावस्थेत गुणसूत्र आखूड आणि जाड होऊन दिसू लागते तेव्हाच ते दोन अर्धगुणसूत्रांचे असते. ती मध्यावस्थेत मधोमध ओळीने येतात आणि पश्चावस्थेत फक्त वेगळी होऊन दोन टोकांकडे जातात. सुरुवातीलाच दुहेरी वळी करायला हवी, हे ज्या मुलाच्या हाताने ठरवले ते परीक्षेत चुकणार नाही.

पण इथे पान नसेल तर हाल ठरलेले. सेकंदाला 12 फोटो धरले, तरी एका मिनिटाला 720 फोटो लागतात. मध्येच चूक सापडली तर पुन्हा बसण्याची तयारी कुणाचीच नसते. कोणत्या अवस्थेला किती सेकंद आणि त्यात काय सरकणार, हे आधी लिहा. कॅमेरा ट्रायपॉडला घट्ट बसवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, खिडकीचा उजेड अडवून आमचे दोन दिवे वापरा. ढग आला-गेला की फिल्म लुकलुकते आणि ते नंतर नीट करता येत नाही.

इतिहासासाठी आम्ही एखाद्या घटनेच्या दिवसाच्या बातमीपत्राची ध्वनिफीत सुचवतो. स्वस्त, चेहरे नाहीत, आणि सगळा भर शब्दांवर. त्यातही एक अट घाला : बातमीपत्रात त्या दिवशी जे ठाऊक होते तेवढेच बोलायचे. टायटॅनिक 15 एप्रिल 1912 च्या पहाटे बुडाले. त्या दिवशीच्या काही वृत्तपत्रांनी मात्र सर्व प्रवासी सुखरूप आहेत आणि जहाज ओढून बंदराकडे आणले जात आहे, असे छापले होते. सुमारे 1500 माणसे मरण पावली होती. वाचलेल्यांना घेऊन कार्पेथिया हे जहाज 18 तारखेच्या रात्री न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा प्रत्यक्ष पाहिलेल्यांचे बोलणे लोकांच्या कानावर आले. गटाने दोन बातमीपत्रे करावीत, एक 15 तारखेचे आणि एक 19 तारखेचे. बातमी चुकीची का छापली गेली, साक्ष आणि अफवा यांत फरक कसा करायचा, हे शिकवण्यासाठी वेगळा धडा लागत नाही. आणि कुणी "आकाशवाणीवरून बातम्या" असे लिहिले असेल तर तेही पानावरच सापडेल. 1912 मध्ये बिनतारी यंत्रणा होती ती मोर्सच्या संदेशांसाठी. नियमित रेडिओ प्रसारण 1920 च्या सुमारास सुरू झाले. मग गट स्वतःच तोड काढतो : रस्त्यावर वृत्तपत्र विकणारा मुलगा ओरडून मथळे वाचतो.

भौतिकशास्त्राला स्लो मोशन द्या. बऱ्याच मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमची सोय असते. 1 मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू साधारण 0.45 सेकंदात, म्हणजे सुमारे 108 फ्रेममध्ये जमिनीवर येतो. मागे मोजपट्टी उभी करा, दर दहा फ्रेमला चेंडू कुठे आहे ते वहीत लिहायला लावा आणि आलेख काढा. प्रत्येक टप्प्यात चेंडू आधीपेक्षा जास्त अंतर कापतो हे मुले स्वतः मोजतात. अंकुर फुटण्याचा टाइम-लॅप्सही सोपा आहे : दर 15 मिनिटांनी एक फोटो, पाच दिवसांत 480 फोटो, आणि सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 20 सेकंदांची फिल्म. फक्त टॅबलेट पाच दिवस चार्जरला लावून एकाच जागी ठेवावा लागतो. म्हणून या प्रकल्पासाठी संच आठवडाभराचा घ्या.

नेहमी विचारले जाणारे इतर काही

आवाज. चित्र थोडे हलले तरी लोक पाहतात, पण ऐकू आले नाही तर फिल्म सोडून देतात. कॉलर माइक ओठांपासून वीतभर अंतरावर लावा, पंखा बंद करा आणि रिकाम्या, घुमणाऱ्या सभागृहापेक्षा पडदे किंवा पुस्तकांची कपाटे असलेली खोली निवडा. निवेदन वेगळे रेकॉर्ड करायचे असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

फाइल. क्लिप व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, त्या आक्रसून येतात. पेनड्राइव्हवर द्या किंवा निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एडिटिंगच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये क्लिप नसतात, त्या कुठे ठेवल्या आहेत एवढीच नोंद असते. त्यामुळे नुसती प्रोजेक्ट फाइल आणली तर पडद्यावर रिकाम्या चौकटी दिसतात. प्रत्येक गटाचा एक फोल्डर करा, सगळे त्यातच ठेवा, आणि एडिटिंग सुरू झाल्यावर नावे बदलू नका.

चित्रे आणि संगीत. इंटरनेटवर सापडले म्हणजे वापरायला मोकळे, असे नाही, आणि "साभार" लिहिल्याने परवानगी मिळत नाही. विकिमीडिया कॉमन्सवर खुल्या परवान्याची लाखो चित्रे आहेत. त्यांतल्या प्रत्येकाखाली परवाना लिहिलेला असतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (निर्मात्याने ठरावीक अटींवर वापराची मुभा देणाऱ्या) परवान्यात बीवाय असेल तर निर्मात्याचे नाव द्यावे लागते. अन्य ठिकाणच्या चित्रांवर एनडी दिसले, तर बदल करून ते पुढे प्रसारित करता येत नाही, म्हणून मुलांच्या कामासाठी असे चित्र टाळाच. शेवटच्या पाटीवर चित्राचे नाव, निर्माता, ठिकाण आणि परवाना लिहायची सवय लावा. सर्वांत चांगला उपाय म्हणजे मुलांनी स्वतः काढलेली चित्रे आणि स्वतः वाजवलेले संगीत.

चेहरे. पालकांची लेखी संमती नसेल तर त्या मुलाचा चेहरा घेऊ नका. हातांची दृश्ये, निवेदन, माती, कागदी बाहुल्या यांनी काम भागते. वर्गात दाखवणे आणि इंटरनेटवर टाकणे या दोन्हींसाठी संमती वेगवेगळी घ्या.

गुण. निम्म्याहून अधिक गुण पानाला आणि त्यातल्या दुरुस्त्यांना द्यावेत असे आम्ही सुचवतो. गुण नुसत्या चकचकीतपणाला मिळू लागले, तर ज्याच्या घरी चांगला मोबाइल आहे त्याचा गट जिंकतो, आणि गटातले एकच मूल एडिटिंग करत बसते. पानाचे वाचन गटातल्या प्रत्येकाने करायचे, हे ठरवून टाका.

आमच्याकडून काय मिळते

संच एका दिवसापासून आठवडाभरापर्यंत भाड्याने मिळतो. शिक्षकांसाठी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा असते. तिचा पहिला अर्धा भाग पान लिहिण्यातच जातो, आणि तुमच्या पुढच्याच धड्याचे पान तिथे तयार होते. एडिटिंगची मदतही आम्ही करतो, पण मुलांच्या जागी बसून नाही : आमचा माणूस शेजारी बसतो, माउस मुलांच्या हातात राहतो. सगळे आम्हीच करून द्यावे अशी मागणी येते, ती आम्ही नाकारतो.

नोंदणी करताना इयत्ता, धडा, गटांची संख्या आणि प्रत्येक गटाचे पान एवढे पाठवा. हाताने लिहिलेल्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो चालेल. पाने आल्यावर दोन दिवसांत आम्ही साहित्याची यादी कळवतो. शाळांच्या प्रदर्शनांच्या दिवसांत संच लवकर संपतात, तेव्हा पाने आलेल्या वर्गांना आधी दिले जातात. संच परत आल्यावर मेमरी कार्डे आणि टॅबलेट पूर्ण पुसले जातात, मुलांचे कोणतेही फुटेज आम्ही ठेवत नाही. म्हणून परत करण्याच्या आदल्या दिवशी सगळे फोल्डर शाळेच्या संगणकावर उतरवून घ्या आणि एकेक फाइल उघडून पाहा.