भाषेचा हक्क आणि विल किमलिका

कर्नाटकात गेलेल्या खानापूर तालुक्यातला एखादा म्हातारा शेतकरी जमिनीचा उतारा घेऊन नातवाला हाक मारतो, 'अरे, वाच बघू, बोजा चढलाय काय त्यात?' उतारा कन्नडात आणि आजोबा शिकले मराठीत. नातू शाळेत कन्नड शिकतो, म्हणून अक्षर लावत वाचतो. बेळगाव-निपाणीकडे हे नवं नाही. आपण याला सीमाप्रश्न म्हणतो आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपाशी, सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगापाशी जातो. पण नकाशा बाजूला ठेवला तरी न्यायाचा प्रश्न उरतोच. त्यावर आयुष्यभर विचार करणारे तत्त्वज्ञ म्हणजे कॅनडाचे विल किमलिका.

त्यांचा जन्म १९६२ चा. कॅनडातल्याच क्वीन्स विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र शिकून ते ऑक्सफर्डला गेले, तत्त्वज्ञ जी. ए. कोहेन यांच्या हाताखाली १९८७ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे क्वीन्समध्येच प्राध्यापक झाले. कॅनडा मात्र ढवळून निघाला होता. फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांत वेगळं व्हायचं म्हणत होता, मूलनिवासी आपले हक्क मागत होते. १९९५ च्या सार्वमतात क्वेबेक अगदी थोडक्यात कॅनडात राहिला. त्याच वर्षी किमलिकांचं 'मल्टिकल्चरल सिटिझनशिप' प्रसिद्ध झालं.

हक्क व्यक्तीला असतात, समूहाला नाहीत, सरकारने सगळ्यांना सारखं वागवलं की झालं, असं अनेक उदारमतवादी मानत. किमलिका स्वतः उदारमतवादीच, पण त्यांनी इथेच बोट ठेवलं. सरकार धर्मापासून अलिप्त राहू शकतं, भाषेपासून नाही. शाळा, कचेरी, कोर्ट कुठल्या तरी भाषेत चालवावंच लागतं. ती भाषा ज्याची, त्याला जन्मतःच फायदा, दुसऱ्याला काही दोष नसताना तोटा. शिवाय आयुष्यात काय काय करता येईल, त्यातलं काय मोलाचं, हे माणसाला आपल्या भाषेतून आणि संस्कृतीतून उमगतं. ती निवडच स्वातंत्र्याचा गाभा. म्हणून भाषा जपणं हे व्यक्तिस्वातंत्र्याचंच काम ठरतं. मला हा युक्तिवाद अस्मितेच्या घोषणांपेक्षा कितीतरी भक्कम वाटतो.

आपल्याकडे याची सोय आधीपासून आहे. घटनेचं कलम ३५० अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करायला सांगतं. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असली की मातृभाषेतून शिकवावं, हा निकष तर १९४९ चा. अर्थात बेळगावात आपण जे मागतो, तेच जत-अक्कलकोटच्या कन्नड भाषकांना महाराष्ट्राने द्यायला हवं. किमलिकांचा युक्तिवाद मान्य केला की यातून सुटका नाही.

त्यांनी एक अटही घातली. बहुसंख्याकांच्या दबावापासून समूहाला संरक्षण मिळावं, पण त्या नावाखाली समूहाने आपल्याच माणसांवर सक्ती करू नये. मराठी बापाने मुलीला कन्नड किंवा इंग्रजी शाळेत घातलं, तर त्याला फितूर म्हणता येणार नाही. पण प्रत्येक घराने असंच ठरवलं, तर ज्या शाळेसाठी संरक्षण मागायचं तिच्यात बसायला मुलंच राहणार नाहीत. पट घसरत चाललेल्या सीमाभागातल्या मराठी शाळांना या पेचाचं उत्तर किमलिकांच्या पुस्तकात तयार मिळत नाही.