टुक् टुक् ऐकू येतं, तांबट दिसत का नाही?

‘शहरात कावळे-कबुतरांखेरीज उरलंय काय?’ असं म्हणणाऱ्यांच्या डोक्यावरच बहुधा तांबट पक्षी बसलेला असतो. फेब्रुवारी ते एप्रिल, पुण्या-मुंबईत बसची वाट पाहताना, कुठेतरी पंप चालू असावा असा एकसुरी आवाज येतो: टुक्, टुक्, टुक्. १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला साधारण ११० ते १२० भरतात.

पक्षी मात्र सापडत नाही. आवाजाची दिशा मेंदू दोन खुणांवरून ठरवतो: कोणत्या कानाला आवाज आधी पोहोचला आणि कोणत्या कानाला मोठा ऐकू आला. दोन कानांतल्या वेळेचा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद असतो. खालच्या पट्टीतल्या आवाजाची तरंगलांबी डोक्याच्या रुंदीहून मोठी असते. असा आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडे जातो, म्हणून दोन्ही कानांना जवळपास सारखाच ऐकू येतो. उरते फक्त वेळेची खूण. चिमणीच्या चिवचिवाटात अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात, त्यामुळे ती खूण चटकन पकडता येते. तांबटाचा स्वर मात्र खालच्या पट्टीतला, गुळगुळीत, जवळपास एकाच वारंवारतेचा. तो चोच मिटूनच ओरडतो. प्रत्येक ठोक्याला गळ्याच्या दोन्ही बाजूंची कातडी फुगते, आवाज तिच्यातून बाहेर पडतो आणि वरच्या वारंवारता आतच विरतात. त्यात तो सारखी मान फिरवतो आणि इमारतींच्या भिंती आवाज परतवतात, म्हणून पक्ष्याने जागा बदलली असं वाटतं.

तेव्हा कानांच्या मागे लागू नका. सकाळच्या कोवळ्या उन्हात वड, पिंपळ, उंबराच्या शेंड्यावरची निष्पर्ण काटकी पाहा. चिमणीहून थोडा मोठा, १७ सेंटिमीटरचा, हिरवा, गुबगुबीत पक्षी. जाड चोच, आखूड शेपटी, कपाळ आणि छातीवर लाल, डोळ्याभोवती पिवळा. पिल्लांना लाल रंग नसतो. पानांत बसला तर हिरव्यात हिरवा मिसळून जातो.

शहरात पक्षी कमी झाले की खापर मोबाईल टॉवरवर फुटतं. त्याला ठोस पुरावा नाही. वाळक्या फांद्या छाटल्याने होणारं नुकसान मात्र डोळ्यांना दिसतं. नर-मादी मिळून मऊ, वठलेल्या फांदीत, बहुतेकदा खालच्या अंगाला, ढोली कोरतात, आणि पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी अशा फांद्यांवर येते. सोसायटीत करवत चालण्याआधी गुलमोहर, शेवग्याच्या वाळक्या फांद्या खालून तपासा. गोल भोक आणि जमिनीवर ताजा भुसा दिसला, आणि फांदी रस्त्यावर किंवा गाड्यांवर पडण्याजोगी नसेल, तर पिल्लं उडेपर्यंत तेवढी एक फांदी ठेवायला सांगा.