फांगजी : एका नावाखाली विकल्या गेलेल्या दोन मुळांची पार्श्वभूमी

चिनी वैद्यकात फांगजी हे मूळ अंगावरची सूज उतरवण्यासाठी, लघवी मोकळी होण्यासाठी आणि दमट हवेत बळावणाऱ्या सांधेदुखीसाठी दिले जाते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपासच्या काढ्यांत ते आहे. इ. स. 659 च्या राजमान्य द्रव्यकोशात उत्तम फांगजी चीनमधील हानजोंग या प्रदेशाचे, पिवळट, भरीव, सुगंधी आणि आडवे कापल्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दाखवणारे असते, असे वर्णन आहे. आपल्याकडे गुळवेलीला ‘चक्रलक्षणिका’ म्हणतात ते याच खुणेमुळे. खूण देखणी आहे, पण तेवढ्यावर वनस्पती ओळखता येत नाही, आणि पुढच्या अनर्थाचे मूळ इथेच आहे.

आज ‘हान फांगजी’ म्हणून विकले जाते ते स्टेफॅनिया टेट्रँड्रा या वेलीचे पिठूळ मूळ होय. ही वेल गुळवेलीच्याच कुळातली असून तिच्यातील टेट्रँड्रिन हे अल्कलॉइड (वनस्पतीतील औषधी गुणाचे रसायन) चीनमध्ये खाणकामगारांच्या सिलिकोसिसवर, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकारावर, वापरले जाते. ‘ग्वांग फांगजी’ मात्र ॲरिस्टोलोकिया फांगची या अगदी वेगळ्या कुळातल्या, आपल्या ईश्वरीच्या प्रजातीतल्या वेलीचे मूळ आहे, आणि त्यात मूत्रपिंडाला घातक असे ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. याखेरीज ‘मू फांगजी’ ही तिसरी वनस्पती आहे, तर जपानमध्ये त्याच चिनी अक्षरांनी चौथीच वेल ओळखली जाते. जुन्या कोशातले सुगंधी मूळ स्टेफॅनियाचे नसून एखाद्या ॲरिस्टोलोकियाचेच असावे, असे काही अभ्यासक मानतात. स्टेफॅनियाच्या मुळाला तसा सुगंध नसल्यामुळे हे मत सहज बाजूला सारता येत नाही.

1990 मध्ये ब्रुसेल्समधील एका दवाखान्यात वजन कमी करण्याच्या गोळ्यांत स्टेफॅनियाची पूड घालण्यास सुरुवात झाली. 1992 पर्यंत पन्नाशीच्या आतील स्त्रियांची मूत्रपिंडे काही महिन्यांतच निकामी होऊ लागली आणि 1993 मध्ये त्याचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. पूड तपासली तेव्हा तिच्यात टेट्रँड्रिन नव्हते, ॲरिस्टोलोकिक आम्ल होते. हान ऐवजी ग्वांग आले होते, आणि पुरवठ्याच्या साखळीत दोन्ही नुसते ‘फांगजी’ होते. बाधितांची संख्या शंभरावर गेली. पुढे ज्या 39 रुग्णांनी निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून घेण्यास संमती दिली, त्यांपैकी 18 जणांत कर्करोग आढळला. हा निष्कर्ष 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. हे सारे अनपेक्षित होते असे म्हणता येत नाही, कारण मोठ्या मात्रेत घेतलेल्या दुसऱ्या एका ॲरिस्टोलोकियामुळे दोघांची मूत्रपिंडे बंद पडल्याची नोंद चीनमध्येच 1964 साली झाली होती, आणि हे आम्ल उंदरांत कर्करोग घडवते हे 1982 पर्यंत स्पष्ट झाले होते.

या आजाराचे नामकरण ‘चिनी वनौषधीजन्य मूत्रपिंडविकार’ असे झाले आणि त्यावर दीर्घ वाद चालला. हे नाव टिकवू पाहणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. गोळ्यांत भूक मारणारी इतर औषधेही होती, त्या घेणारा प्रत्येक जण आजारी पडला नव्हता, आणि एकट्या आम्लावर ठपका ठेवणे घाईचे आहे, असे ते म्हणत. उलट बाजूचा सर्वांत बळकट पुरावा युरोपातील डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या खेड्यांतून आला. तिथे 1950 च्या दशकापासून नोंदवलेल्या तशाच मूत्रपिंडविकाराचे कारण गव्हात मिसळणाऱ्या ॲरिस्टोलोकियाच्या बिया हे ठरले, आणि त्या शेतकऱ्यांनी चिनी औषध कधी घेतलेच नव्हते. रुग्णांच्या ऊतींतील डीएनएवर या आम्लाची ठळक खूणही सापडली. ‘ॲरिस्टोलोकिक आम्लजन्य मूत्रपिंडविकार’ हे नाव मला त्यामुळेच योग्य वाटते. जुने नाव एका संपूर्ण वैद्यकपरंपरेला दोषी ठरवत होते आणि नेमकी वनस्पती झाकत होते, म्हणजे बाजारातल्या ‘फांगजी’ या शब्दाने जी चूक केली तीच रोगाच्या नावातही उतरली होती. तरीही नव्या नावाने एक गोष्ट मागे पडते : आम्ल रुग्णांपर्यंत पोहोचले ते पोत्यावरच्या अपुऱ्या नावामुळे.

2002 मध्ये ॲरिस्टोलोकियायुक्त वनौषधींची गणना मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत झाली. चीनने लघवी वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ‘ग्वान मूतोंग’ या ॲरिस्टोलोकियाची मान्यता 2003 मध्ये, तर ग्वांग फांगजीची 2004 मध्ये काढून घेतली. तोपर्यंत हे मूळ तिथे रीतसर मान्य औषध होते. तैवानमध्ये बंदीपूर्वीच्या काही वर्षांत सुमारे एक-तृतीयांश लोकांना अशी औषधे लिहून दिली गेली होती. चिनी औषधकोशातील उरलेली दोन ॲरिस्टोलोकिया-द्रव्ये 2020 च्या आवृत्तीत वगळली गेली. आता त्या कोशात ‘फांगजी’ म्हणजे फक्त स्टेफॅनियाचे मूळ, मात्रा 5 ते 10 ग्रॅम. आपल्याकडे सर्पदंशावरचा झाडपाल्याचा उपाय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ईश्वरीतही हेच आम्ल असते.