अधिसभा, विद्यापीठीय

सार्वजनिक विद्यापीठाच्या कारभाराची झाडाझडती घेणारी, प्राचार्य, अध्यापक, संस्थाचालक, पदवीधर, विद्यार्थी आणि शासन यांच्या प्रतिनिधींची मिळून बनलेली सभा. रोजच्या बोलण्यात तिला 'सिनेट' म्हणतात. 'अधिसभा' हा शब्द अधिनियमातला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ (अंमल १ मार्च २०१७ पासून) याने विद्यापीठाची जी प्राधिकरणे सांगितली आहेत त्यांत ही पहिली. रोजचा कारभार व्यवस्थापन परिषदेकडे आणि अभ्यासक्रम व शैक्षणिक दर्जा विद्या परिषदेकडे असतो. अधिसभा पैशाचा, परिनियमांचा (अधिनियमाखाली विद्यापीठाने केलेल्या नियमांचा) आणि एकूण धोरणाचा हिशेब मागते. गोवा विद्यापीठात व पुष्कळशा केंद्रीय विद्यापीठांत याच जातीच्या सभेला 'कोर्ट' म्हणतात. तिची रचना व अधिकार वेगळे असल्यामुळे ती या नोंदीच्या कक्षेबाहेर ठेवली आहे.

उगम : भारतीय विद्यापीठांतील अधिसभेचे मूळ सामान्यतः १९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे चार्ल्स वुड यांच्या शिक्षणविषयक धोरणपत्रात, दाखवले जाते. १८३६ साली स्थापन झालेल्या लंडन विद्यापीठाचा नमुना समोर ठेवून कुलपती, कुलगुरू व फेलो (विद्यापीठाचे सभासद) यांची मिळून सिनेट बनवावी, असे त्यात सुचवले होते. त्याबरहुकूम १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास या विद्यापीठांचे कायदे झाले. मुंबईचा कायदा त्या सालचा बाविसावा. त्याची तारीख १८ जुलै. तेव्हाचे लंडन विद्यापीठ स्वतः शिकवत नसे, ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. मुंबई विद्यापीठही तसेच जन्मले. त्यामुळे पहिल्या अधिसभेच्या कामाचा मोठा भाग परीक्षांचे नियम ठरवणे हाच होता, आणि परीक्षा व निकाल हा विषय अधिसभेच्या कामकाजातून पुढेही कधी सुटला नाही.

हा उगम कितपत पुरेसा मानावा, याबद्दल दुमत संभवते. मुंबई इलाख्यात १८४० पासून बोर्ड ऑफ एज्युकेशन काम करीत होते. सरकारी सभासदांबरोबर एतद्देशीय सभासदही त्यावर होते आणि जगन्नाथ शंकरशेट हे त्यांतले प्रमुख. उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून, यावर अध्यक्ष अर्स्किन पेरी यांच्याशी शंकरशेट व कर्नल जर्व्हिस यांचा १८४० च्या दशकात झालेला वाद प्रसिद्ध आहे. शिक्षणाच्या धोरणावर एकाच मेजाभोवती बसून, मतभेद नोंदवून निर्णय घ्यायची सवय या बोर्डात लागली, आणि त्यातलेच शंकरशेट १८५७ मध्ये फेलो झाले. डॉ. भाऊ दाजी लाड हेही पहिल्या फेलोंपैकी. कायद्याचा साचा लंडनचा, याबद्दल शंका नाही. मात्र सभेत वाद घालण्याची जी रीत मुंबईत पुढे दिसते तिचे मूळ बोर्डात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. लंडनच्या नमुन्यात भाषेचा असा झगडा नव्हता.

१८५७ च्या कायद्यात निवडणूक नव्हती. फेलो सरकार नेमी आणि पद तहहयात असे. फेलोपद हा कित्येकदा सन्मान ठरे आणि सभेला फिरकणारे थोडे असत. कायद्यात नाव नसलेली 'सिंडिकेट' ही लहान कार्यकारी समिती सभेने आपल्या नियमांनी उभी केली. आजच्या व्यवस्थापन परिषदेची ती पूर्वज म्हणता येईल. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे चौघे विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले. विद्यापीठाने घडवलेला माणूस विद्यापीठाच्याच सभेत बसू लागला तो या पिढीपासून. न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग हे १८९२ मध्ये पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि त्यांच्यामागून भांडारकर.

एकोणिसाव्या शतकातील दोन ठराव : विद्यार्थ्याच्या वाटेतला अडसर अधिसभेने दूर केल्याची दोन उदाहरणे महत्त्वाची आहेत. पहिले स्त्रियांच्या प्रवेशाचे. १८७५ च्या सुमारास बेळगावहून एका मुलीने मॅट्रिकच्या परीक्षेला बसू देण्याची विनंती केली होती, ती नाकारली गेली. नियमांत उमेदवाराचा उल्लेख सर्वत्र पुल्लिंगी होता आणि त्याचा अर्थ शब्दशः लावला गेला. कलकत्ता विद्यापीठाने १८७८ मध्ये स्त्रियांना दार उघडले. मुंबईने १८८३ मध्ये, पदव्यांच्या नियमांतील पुल्लिंगी सर्वनामांत स्त्रियांचाही समावेश आहे असे ठरवून, नियमांची कलमे न बदलता वाट मोकळी केली. कॉर्नेलिया सोराबजी १८८७-८८ च्या सुमारास या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. सुधारणेच्या इतिहासात या ठरावाला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही.

दुसरे उदाहरण मराठीचे. १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांमधून देशी भाषा काढून त्यांच्या जागी संस्कृतसारख्या अभिजात भाषा ठेवण्यात आल्या. त्या परत आणण्यासाठी रानड्यांनी अधिसभेत वर्षानुवर्षे धरलेला आग्रह त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस, १९०१ च्या आसपास, एम. ए.पुरता फळाला आला. हे यश ठरावाइतकेच चिकाटीचे होते.

१९०४ चा कायदा व नंतर : लॉर्ड कर्झनच्या काळात १९०२ मध्ये विद्यापीठ आयोग नेमला गेला आणि त्यातून १९०४ चा भारतीय विद्यापीठ कायदा आला. त्याने मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील साध्या, म्हणजे पदसिद्ध नसलेल्या, फेलोंची संख्या किमान ५० व कमाल १०० अशी बांधली, तहहयात पद काढून ५ वर्षांची मुदत घातली, २० जागा निवडणुकीने भरण्याची तरतूद केली आणि सिंडिकेटला कायद्यात स्थान दिले. उरलेल्या जागा नेमणुकीच्या. केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी आणि मुंबईत फिरोजशहा मेहता यांनी त्याला विरोध केला. सभा आटोपशीर करण्याच्या नावाखाली ती सरकारच्या मुठीत जाईल, हा त्यांचा मुख्य आक्षेप. या कायद्याचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी झाले आहे. मुदतबंद सभासदत्व आणि निवडणुकीचे तत्त्व कायद्यात आले, हा लाभ खरा. पण नेमणुकीच्या जागांचे प्रमाण पाहता गोखल्यांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात देता येतो. मुंबईसाठी १९२८ व १९५३ चे कायदे झाले. नागपूर (१९२३), पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८) व शिवाजी (१९६२) ही विद्यापीठे आपापल्या कायद्यांनी स्थापन झाली. १९७४ मध्ये प्रत्येकासाठी नवा कायदा आला आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाने सर्व अकृषी विद्यापीठे एका छत्राखाली आणली. २०१६ च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली.

आजची रचना : कुलपती, म्हणजे राज्यपाल, अध्यक्षस्थानी असतात, ते नसतील तेव्हा कुलगुरू. प्र-कुलगुरू, अधिष्ठाता, संचालक आदी पदसिद्ध सभासदांखेरीज निवडून येणाऱ्यांत प्राचार्य १०, महाविद्यालयीन अध्यापक १०, नोंदणीकृत पदवीधर १०, संस्थाचालक ६ आणि विद्यापीठ विभागांतील अध्यापक ३ असतात. कुलपतींनी नेमलेले सभासद, विधानसभेचे २ व विधान परिषदेचा १ प्रतिनिधी असे आणखी काही. मुदत ५ वर्षांची. व्यवस्थापन परिषदेवरचे काही सभासदही अधिसभेतून निवडले जातात, म्हणून अधिसभेच्या निवडणुकीला तिच्या स्वतःच्या अधिकारांपेक्षा जास्त वजन येते.

पदवीधर गटाच्या १० जागांपैकी ५ खुल्या असतात. उरलेल्या ५ मध्ये अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. मतदान पसंतीक्रमाचे असते. मतदार नावापुढे फुली मारत नाही, १, २, ३ असे आकडे लिहितो. जिंकायला लागणाऱ्या मतांना 'कोटा' म्हणतात. वैध मतांना जागांपेक्षा एकाने मोठ्या संख्येने भागून त्यात १ मिळवला की कोटा येतो. समजा खुल्या ५ जागांसाठी ६,००० मते वैध ठरली, तर ६,००० भागिले ६ म्हणजे १,००० आणि अधिक १, म्हणजे कोटा १,००१. पहिल्या पसंतीच्या मतांत जो हा आकडा गाठतो तो निवडून येतो आणि त्याची वरकड मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जातात. कोणीच गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या गठ्ठ्यात टाकतात. हे फेरीफेरीने चालते, त्यामुळे मतमोजणी लांबते, आणि मोजणीच्या टेबलाशी बसलेल्या प्रतिनिधीला वरकड मतांचे गणित पाठ असावे लागते. आरक्षित गटात जागा एकच असल्याने कोटा निम्म्याहून एकाने अधिक इतका होतो.

मतदार आपोआप मतदार होत नाही. पदवी मिळाली तरी नोंदणीकृत पदवीधर म्हणून अर्ज भरावा लागतो, कागदपत्रे जोडावी लागतात. बहुसंख्य पदवीधर ही खटपट करीत नाहीत, म्हणून ज्या संघटनेने नोंदणीचे अर्ज गोळा केले तिचे पारडे मतदानाच्या आधीच जड झालेले असते. मुंबई विद्यापीठात २०१८ व २०२४ या दोन्ही निवडणुकांत पदवीधर गटाच्या दहाही जागा युवासेनेने, म्हणजे शिवसेनेच्या युवक संघटनेने, जिंकल्या. अध्यापक गटात बुक्टू (बॉम्बे युनिव्हर्सिटी अँड कॉलेज टीचर्स युनियन) सारख्या अध्यापक संघटनांचा प्रभाव जुना आहे.

कामकाज : वर्षातून किमान दोन सभा होतात. मार्चमधली अर्थसंकल्पाची सभा सर्वांत महत्त्वाची. वार्षिक अर्थसंकल्प, लेखे, लेखापरीक्षण अहवाल व वार्षिक अहवाल यांवर चर्चा, परिनियम करणे व बदलणे, बृहत् आराखड्याला (विद्यापीठाच्या दीर्घकालीन विकास योजनेला) मान्यता, मानद पदव्या ही तिची ठळक कामे. प्रश्नोत्तरे, स्थगन प्रस्ताव, हरकतीचा मुद्दा हे सारे विधिमंडळाच्या वळणावर चालते. मुंबईत हे कामकाज फोर्ट संकुलातील सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृहात भरते.

अधिसभेला विद्यार्थ्याला थेट काही देता येत नाही. तिची पकड अर्थसंकल्पाच्या शीर्षावर असते, आणि ती पकड कमी लेखू नये. विद्यार्थी विकास मंडळाच्या योजना याच मार्गाने उभ्या राहतात किंवा आटतात. त्यांतली सर्वांत जुनी परंपरा 'कमवा आणि शिका'ची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले (ता. कऱ्हाड) येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले आणि १९४७ मध्ये तेथे शिवाजी कॉलेज सुरू केले, श्रम करून शिकण्याची पद्धत तेथे रुजली. शिवाजी विद्यापीठाने पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळात ती विद्यापीठाच्या आवारात आणली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ही योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात पुस्तके लावणे, बागकाम, कार्यालयातील नोंदी अशी कामे विद्यार्थी ठरावीक तास करतात आणि त्यांना ताशी मानधन मिळते. हे मानधन किती, ते खात्यावर कधी जमा होते आणि ग्रामीण महाविद्यालयांना किती विद्यार्थ्यांची मंजुरी मिळते, हे तीन प्रश्न अर्थसंकल्पीय सभेत विचारण्याजोगे आहेत, कारण खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे त्यावरच अवलंबून असलेला विद्यार्थी मध्येच शिक्षण सोडतो तो बहुधा याच ठिकाणी. निर्भय कन्या अभियान व विशेष मार्गदर्शन योजना याही याच मंडळाच्या.

निकालांचा प्रश्न : २०१६ च्या अधिनियमाप्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि काही झाले तरी ४५ दिवसांत, निकाल लावणे बंधनकारक आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्व शाखांना लागू केली. निकाल महिनोन्‌महिने रखडले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, परदेशी व इतर विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्यांची कोंडी झाली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. या प्रकरणाची चर्चा सहसा तंत्रज्ञान व कुलगुरू यांच्याभोवती फिरते. तितकीच महत्त्वाची बाब अशी, की त्या वेळी विद्यापीठात अधिसभा अस्तित्वातच नव्हती. आधीच्या सभेची मुदत २०१५ मध्ये संपली, नव्या अधिनियमाच्या प्रतीक्षेत निवडणुका थांबल्या, आणि पदवीधरांचे मतदान झाले ते मार्च २०१८ मध्ये. पूर्वतयारी झाली आहे का, चाचणी घेतली का, परीक्षकांना प्रशिक्षण दिले का, हे जाहीर सभेत विचारणारे कोणी नव्हते. पुढची निवडणूकही २०२३ मध्ये जाहीर होऊन थांबली. २०२४ मध्ये ती ऐनवेळी पुन्हा स्थगित झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपामुळे २४ सप्टेंबरला मतदान झाले.

विद्यार्थी प्रतिनिधी : १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याची हत्या झाली. त्यानंतर १९९० च्या दशकात महाविद्यालयीन खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि १९९४ च्या अधिनियमाने गुणवत्तेवर आधारित विद्यार्थी परिषद आणली. २०१६ च्या अधिनियमाने खुल्या निवडणुका पुन्हा आणल्या. विद्यापीठ विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष व सचिवांना अधिसभेत स्थानही दिले. २०१९ मध्ये निवडणुकांची तयारी होऊन विधानसभा निवडणुकीच्या कारणाने त्या पुढे ढकलल्या गेल्या, मग कोविडची साथ आली. ज्यांच्यासाठी विद्यापीठ चालते त्यांच्याच जागा रिकाम्या ठेवून सभा भरणे हा या व्यवस्थेतला मोठा दोष होय.

डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने अधिनियमात दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले. त्यात उच्च शिक्षण मंत्र्याला प्र-कुलपती करण्याची वादग्रस्त तरतूद होती, तसेच समान संधी मंडळ आणि मराठी भाषा व साहित्य यांच्या जतनासाठीचे मंडळ यांचीही. राज्यपालांनी ते राष्ट्रपतींकडे पाठवले आणि २०२२ मध्ये नव्या सरकारने ते मागे घेतले. प्र-कुलपतिपदावरील वादात त्यातल्या दोन्ही मंडळांची चर्चा मागे पडली.